सैन्याची धुणेवाली आणि अकरा पानं

कॉलरताईला शिवता येत नव्हतं. गणवेश शिवायच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढलेल्या बाईबद्दल असं बोलणं म्हणजे पोहायला न येणाऱ्या नावाड्याची गोष्ट सांगण्यासारखं आहे, पण इलाज नाही. तिच्या हातची कॉलर मशिनखालून निघे ती एक कान उभा आणि एक कान पडलेला अशी, झोपेतून अर्धवट उठलेल्या कुत्र्यासारखी. नाव तिथूनच पडलं.

कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली. अठरा मशिनं, मधोमध कापड बेतायचं टेबल, आणि भिंतीभर खुंट्या. खुंट्यांवर आतली माणसं काढून घेतल्यासारखे नर्स, बँडवाले आणि हॉटेलांचे दरवान लटकलेले. बाह्या लावते ती बाहीवाली, काजं करते ती काजवाली, आणि सगळ्यांत वयस्क ती बटणवाली मावशी. मालकीणबाई महिन्याचं काम ठरवायची आणि मावशी बाकी सगळं.

त्या कारखान्यात एक नियम होता आणि तो मावशीनं पाळायला लावला होता. गिऱ्हाइकाच्या कापडातून जी कातरण उरेल ती गाठ मारून त्याच्याच गठ्ठ्यावर ठेवायची. चिमूटभर असली तरी. कमी पडलं तर आपल्याकडचा तुकडा जोडावा, अस्तर घालावं, खिसा वाढवावा, कुणी विचारणार नाही. पण कापलेलं आपल्याजवळ ठेवायचं नाही. कापणाऱ्या मास्तरांनी एकदा निळ्या कातरणीतून नातवाला टोपी शिवली, तर मावशीनं ती पोराच्या डोक्यावरून उतरवून, टाका टाका उसवून, गठ्ठ्यावर परत ठेवली होती. मास्तर अजून त्या गोष्टीवरून लाल होतात.

तर कॉलरताई. जेवणानंतर दीड तास मशिनं बंद असायची आणि हातकाम चालायचं: दोरे कापणं, काजं, बटणं, तुरपाई. त्या शांततेत एकदा तिनं दोऱ्याच्या रिळांना गुंडाळून आलेला मासिकाचा कागद मोठ्यानं वाचला. गोष्ट अर्धीच होती, पुढचा कागद दुसऱ्याच कुणाच्या रिळांना गेलेला. बायका म्हणाल्या, पुढं काय? कॉलरताईनं कागद उलटा केला आणि पुढचं वाचलं. मागच्या बाजूला केसांच्या तेलाची जाहिरात होती, पण ते कुणाला दिसलं नाही.

हा तिचा जुना रोग. लहानपणी शेजारच्या आजीला तिच्या मुलाची पत्रं हीच वाचून दाखवायची. मुलगा चार ओळी लिहायचा, पोरगी नऊ वाचायची. आजीच्या शेळीची चौकशी तर प्रत्येक पत्रात असायची. पुढं मुलगा घरी आला आणि दारातच शेळीला ओलांडून आत गेला, तेव्हा आजी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. लग्नानंतर नवराही सांगायचा, "हिला बाजाराची यादी वाचायला सांगा, त्यात एक भोपळा जास्तीचा निघतो."

त्या दुपारी मावशीनं बटण ओवता ओवता निकाल दिला. "तू उद्यापासून वाच. तुझ्या रोजच्या बारा कॉलरी आम्ही वाटून घेऊ."

"मावशी, कसे उपकार फेडू?"

"तुझ्यावर कसले उपकार? बँडवाल्यांवर आहेत."

असं तिला उंच स्टूल मिळालं. त्या स्टुलावर ती कारखान्याची कुणीतरी होती. खाली मशिनवर बसली की नुसती वाकडी कॉलर. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वाचनालयातून तिनं एक जाडजूड कादंबरी आणली. आठशे चाळीस पानं, राजपुत्र, सात डोंगर, एक ड्रॅगन. बायकांनी पुस्तकाचं नाव लगेच टाकून दिलं आणि त्याला 'जाड्या' म्हणायला लागल्या. पहिले तीन दिवस कॉलरताईनं जाड्या अक्षर न् अक्षर वाचला. राजाचा आजा, आज्याचा पणजा, पणज्याची तलवार. चौथ्या दिवशी बाहीवालीनं मशिनच्या पायट्यावर हळूच पाय दाबला. घर्रर्र. मग खिसेवालीनं. घर्रर्र. कारखान्यात कंटाळा आला हे सांगायची ही रीत.

"ते डोंगर जरा बाजूला घे की," मावशी म्हणाली. "माणसं दिसू देत."

कॉलरताईनं डोंगर बाजूला घेतले. पणजे गाळले, नद्या आटवल्या. गोष्ट पळायला लागली. मग एक दिवस राजपुत्र दीडशे सैनिक घेऊन निघाला, तीन महिन्यांच्या वाटेला, आणि मावशीची सुई थांबली.

"यांचे कपडे कोण धुतं गं?"

पुस्तकात काही नव्हतं. कॉलरताईनं पान उलटलं, घसा खाकरला. "आहे ना. पुढच्याच ओळीत आहे. धुणेवाली होती एक. तिरळी. तिचं एक गाढव होतं."

बस. त्या दिवसापासून जाड्यात धुणेवाली शिरली ती निघेचना. ती राजपुत्राला तोंडावर म्हणायची, "महाराज, राज्य नंतर जिंका, आधी हे पायमोजे बदला." सेनापतीचा फितूरपणा तिनंच पकडला, त्याच्या सदऱ्यावरच्या शत्रूच्या रश्श्याच्या डागावरून. आणि ड्रॅगन? पुस्तकात राजपुत्र त्याला उल्केच्या लोखंडाच्या तलवारीनं मारतो. कारखान्यात धुणेवालीनं सोड्याच्या पाण्यात भिजवलेली सैन्याची जाडी रजई त्याच्या उघड्या जबड्यात कोंबली. ड्रॅगनला उचक्या लागल्या, आग विझली, आणि उरलेलं आयुष्य तो नुसती वाफ सोडत बसला. त्या दिवशी हातकाम दहा मिनिटं बंद पडलं होतं. मास्तरसुद्धा कात्री ठेवून हसले.

पुस्तक संपल्यावर बायकांनी ते पुन्हा पहिल्यापासून मागितलं. आता आली पंचाईत. काजवालीची आठवण पोलिसांसारखी. "मागच्या वेळी डावा डोळा तिरळा होता, आज उजवा कसा?" कॉलरताईनं घाबरून आपल्याच थापांच्या चिठ्ठ्या केल्या आणि कॉलरींच्या कागदी नमुन्यांच्या मागे चिकटवल्या. 'डोळा डावा. गाढव मादी. रजई तपकिरी.' शिवणाची तिनं एवढी काळजी घेतली असती तर स्टुलाची गरजच पडली नसती.

आणि अशात सिनेमा आला.

बसथांब्यामागं भिंतभर चित्र लागलं. राजपुत्र, तलवार, ड्रॅगन. खिसेवाली सकाळी धापा टाकत आली. "आपला जाड्या! सिनेमात!" मालकीणबाईनं मशिनांच्या तेलपाण्यासाठी गुरुवारची दुपार बंद ठेवायचं आधीच ठरवलं होतं. अठरा बायका आणि मास्तर, सगळ्यांचं ठरलं.

सिनेमात धुणेवाली नसणार हे कॉलरताईला जगात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तिनं दोन दिवस प्रयत्न केले. म्हणाली, त्या थेटरात ढेकूण आहेत. बाहीवाली म्हणाली, माझ्या घरीही आहेत. म्हणाली, तीन तासांचा आहे. काजवाली म्हणाली, बसायला गादी असते. मग तिला एक युक्ती सुचली आणि ती स्वतःवरच खूष झाली.

"बघा हं," बुधवारी वाचताना ती पुस्तक मिटून म्हणाली, "सिनेमावाल्यांचा काही भरवसा नाही. गोष्ट घेतात आणि हवी तशी कापतात. मला तर वाटतं, धुणेवालीलाच उडवतील."

"उडवतील?" खिसेवाली किंचाळली. "धुणेवालीला?"

"गरीब बाई. तिला कोण घेतंय सिनेमात?"

"बघू कसे घेत नाहीत ते," मावशी म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

गुरुवारी दुपारी त्या तिसऱ्या रांगेपासून पाचव्यापर्यंत बसल्या. सैन्य निघालं. काजवालीनं दीडशे डोकी मोजायचा प्रयत्न केला. गाढव दिसेना. नदीकाठी मुक्काम पडला तेव्हा मावशी अंधारात मोठ्यानं म्हणाली, "आता येईल. पाणी आहे." आली ती परी. राजपुत्र तीन महिने चालून पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात उभा राहिला, तर चौथी रांग एकदम खवळली. "हा धुतला कुणी?" आणि ड्रॅगननं जबडा उघडला, राजपुत्रानं तलवार उपसली, तेव्हा अठरा घशांमधून एकच आरोळी निघाली:

"रजई कुठाय?"

पुढच्या रांगांतली माणसं वळून बघायला लागली. कॉलरताई खुर्चीत खाली सरकली होती, पण अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. दोष सिनेमाच्या गळ्यात पडला होता. सुटले, असं ती मनात म्हणाली.

सुटली नव्हती. बाहेर पडताना दारात तिकीट फाडणारा उभा होता. चाळिशीचा, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या, सदरा स्वतःच इस्त्री केलेला. मावशी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय हो, हा सिनेमा कुणी कापला?"

"कापला? बाई, मी ते पुस्तक चार वेळा वाचलंय. जसंच्या तसं केलंय. शब्दाला शब्द! फक्त राजपुत्राचा झगा निळा दाखवलाय, पुस्तकात राखाडी आहे. त्याबद्दल मी कंपनीला तीन पत्रं टाकली आहेत."

"झग्याचं सोडा. धुणेवाली कुठं गेली?"

"कोण धुणेवाली?"

अठरा बायका एकदम बोलायला लागल्या. गाढव, डाग, रजई, उचक्या. तिकीट फाडणाऱ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असं त्या पुस्तकात काहीही नाही."

"चार वेळा वाचलंत आणि धुणेवाली दिसली नाही?" मावशी म्हणाली. "चष्मा बदला, भाऊ."

"पान सांगा! पान दाखवा, मी इथं उभ्या उभ्या तिकिटं खातो."

"उद्या दीड वाजता या. गणवेशांच्या कारखान्यात. तुमचं पुस्तक घेऊन या. आमची वाचणारी दाखवेल." मावशीनं कॉलरताईच्या पाठीवर थाप मारली. "काय गं? दाखवशील ना?"

"हो," कॉलरताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी घरी तिनं भाजी करपवली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्यावरचं भिंग न काढताच त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग? उद्या मशिनवर?"

"शेवटी तेच."

"बँडवाल्यांना कळवायला हवं," तो म्हणाला. तिनं त्याच्यावर पोळपाट उगारला, पण रोजच्या जोरानं नाही.

दुसऱ्या दिवशी तिकीट फाडणारा दीडला पाच कमी असतानाच हजर झाला. त्याच्या जाड्याला तपकिरी कागदाचं वेष्टण, पानापानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा. मावशीनं त्याला बटणांच्या डब्याशेजारी पाट दिला. कॉलरताई स्टुलावर चढली. तिला वाटलं, इथून खोली किती नीट दिसते; उद्यापासून पायटा आणि आपले गुडघे, बाकी काही दिसायचं नाही.

"सहाशे बारावं पान," तो म्हणाला. "ड्रॅगन. मी वाचतो, तुम्ही तुमच्यात बघा."

त्यानं वाचलं. तलवार म्यानातून कशी निघाली यालाच दीड पान. म्यान कोणत्या कातड्याचं, कातडं कोणत्या जनावराचं, जनावर कोणत्या अरण्यातलं. बाहीवालीचा पाय पायट्यावर गेला. घर्रर्र. तो थांबला. "हे काय?"

"काही नाही. चालू द्या," मावशी म्हणाली.

ड्रॅगन मेला. रजई आली नाही. सगळ्यांचे डोळे स्टुलाकडे वळले.

"तुमची आवृत्ती छोटी असेल," कॉलरताई म्हणाली.

"दोन्हीला आठशे चाळीस पानं आहेत."

तिनं पुस्तकाच्या कडा कुरवाळल्या. मग म्हणून टाकलं, "नव्हती ती. मी घातली."

तिकीट फाडणाऱ्यानं जिंकल्यासारखी मान वर केली आणि आजूबाजूला पाहून पुन्हा खाली घातली.

"म्हणजे," मावशी सावकाश म्हणाली, "लिहिणाऱ्यानं धुणेवाली लिहिलीच नाही?"

"नाही."

"दीडशे माणसं. तीन महिने. आणि त्याला एक धुणेवाली सुचली नाही?"

"नाही सुचली, मावशी."

"त्याचे कपडे त्याच्या घरी कोण धुतं, विचारा त्याला," खिसेवाली म्हणाली.

"आपोआप धुतले जात असतील," काजवाली म्हणाली. "तसंच त्यानं लिहिलंय."

हशा उसळला. मास्तर म्हणाले, "सिनेमावाल्यांचा दोष नाही मग. त्यांना मालच आखूड मिळाला." मावशीनं हात वर केला. "कमी पडलं तिथं हिनं आपला तुकडा जोडला. अस्तर घातलं. त्यात काय बिघडलं? पुस्तकच खोटं, गोष्ट खरी."

"अहो, पण लेखकाचं..." तिकीट फाडणारा उठला.

"बसा, भाऊ. बटणं सांडतील."

कॉलरताईच्या जिवात जीव आला. तिला वाटलं, उतरून मावशीच्या गळ्यात पडावं. आणि तेवढ्यात त्या मेल्या तिकीट फाडणाऱ्यानं, धुणेवाली कुठंच नाही हे शाबीत करण्यासाठी, पानं चाळायला सुरुवात केली. "बघा, युद्ध, इथं नाही. नदी, इथं नाही. राजकन्येचा लग्नाचा पोशाख, इथं तर अकरा पानं नुसतं शिवणच..."

काजवालीची सुई हवेत थांबली. "काय म्हणालात?"

"पोशाख. अकरा पानं. कापड, बेतणं, टाके, अस्तर. कंटाळवाणं आहे, सिनेमात मात्र सगळं..."

"अकरा पानं शिवण?" बाहीवाली उठून उभी राहिली. "आम्ही दोनदा ऐकला जाड्या. एकदाही शिवण आलं नाही!"

अठरा तोंडं स्टुलाकडे फिरली. आता ती हसत नव्हती.

"मला वाटलं... तुम्ही दिवसभर तेच करता..." कॉलरताई पुटपुटली. खरं कारण वेगळंच होतं. टाका हा शब्द दिसला की तिची बोटं दुखायला लागायची. ती पानं तिनं दोन्ही वेळा डोळे मिटून उलटली होती.

"राजकन्येचा पोशाख," काजवाली रडवेली झाली. "काजं होती का त्यात हो?"

तिकीट फाडणाऱ्यानं पान पाहिलं. "एकशे आठ. मोत्यांच्या बटणांची. पाठीवर."

"एकशे आठ काजं! आणि ह्या बयेनं गाळली!"

मावशी उठली. हे फार क्वचित व्हायचं. ती स्टुलाजवळ आली आणि वर बघून, अगदी मास्तरांशी टोपीच्या वेळी बोलली होती त्याच आवाजात बोलली.

"कापड लेखकाचं. शिवलं आमच्यासाठी. तू भर घातलीस, छान केलंस. पण कातरण कुठाय?"

कॉलरताईनं जाड्या पोटाशी धरला.

"एकूण किती पानं कापलीस?"

"डोंगर धरून?"

"सगळं धरून."

"तीनशेच्या वर असतील."

मास्तर चुकचुकले. त्यांना मनापासून बरं वाटत होतं.

"सगळी परत करायची," मावशी म्हणाली. "डोंगर, पणजे, म्यान, कातडं, सगळं. ज्याला नको वाटेल तो पायटा दाबेल, ते आमचं आम्ही बघू. आणि कातरण पुरी परत होईपर्यंत तुझ्या बारा कॉलरी तू शिवायच्या. स्टुलावर दीड तास, बाकी वेळ मशिनवर."

"मावशी, बँडवाले..."

"भोगतील."

शनिवारी सकाळी कॉलरताई मशिनवर बसली. शनिवारी बारा, सोमवारी बारा, मंगळवारी बारा. बुधवारी बँडचा प्रमुख स्वतः आला. कर्णा वाजवणाऱ्याच्या कॉलरीचा उभा कान गालात घुसत होता आणि ढोलवाल्याच्या कॉलरीचे दोन्ही कान दोन दिशांना बघत होते. तो मालकीणबाईला विचारत होता की ही नवी फॅशन आहे का, कारण मिरवणुकीत पोरं मागून भुंकतात. मालकीणबाईनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं कॉलर हातात घेऊन उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"शिक्षा हिला दिली होती," ती शेवटी म्हणाली. "ती तर आपण भोगतोय. ऊठ मशिनवरून. कॉलरी आम्ही बघतो. पण कातरण देणं चुकणार नाही, सांगून ठेवते."

"नाही चुकणार," कॉलरताई म्हणाली आणि दीड वाजायच्या आधीच स्टुलावर जाऊन बसली.

तिकीट फाडणाऱ्याचा दुपारचा खेळ तीनला सुरू व्हायचा. शुक्रवारपासून तो रोज येऊन पाटावर बसत होता. मावशीनं त्याला बटणं निवडायला लावलं होतं, चार भोकांची एकीकडे, दोन भोकांची एकीकडे. जाड्या मांडीवर उघडा, बोट ओळीवर. कॉलरताईनं एक शब्द इकडचा तिकडे केला की तो "अंहं" म्हणायचा. मंगळवारपर्यंत पणजे परत झाले, दोन डोंगर परत झाले, आणि मावशी सोडून सगळ्यांनी पायटे दाबले.

त्या बुधवारी पोशाखाची पानं आली. कॉलरताईनं दात खाऊन टाका टाका वाचला. कुणी दोरा कापेना. मखमल उलट्या लवेनं बेतली आहे हे ऐकून मास्तर कपाळाला हात लावून बसले. बाहीला एकच शिवण आहे हे ऐकून बाहीवाली म्हणाली, हात वर केला की राजकन्येची काख बाहेर. एकशे आठ काजांची रांग काजवालीनं डोळे मिटून ऐकली. एवढी गडबड, एवढ्या शिव्या आणि एवढं सुख त्या खोलीत ड्रॅगनच्या दिवशीही नव्हतं.

अकराव्या पानाच्या तळाशी कॉलरताई आली. "आणि मग राजकन्येनं, दासींना बाहेर पाठवून, एकटीनं तो पोशाख अंगात चढवला."

"थांब," मावशी म्हणाली. "बटणं पाठीवर ना?"

"पाठीवर."

"एकशे आठ?"

"एकशे आठ."

"एकटीनं?"

कॉलरताईनं पुस्तकात पाहिलं. मग पाटाकडे पाहिलं. तिकीट फाडणाऱ्याचं बोट त्याच ओळीवर होतं. त्यालाही ती ओळ चार वाचनांत कधी खटकली नव्हती हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. बाहीवालीचा पाय पायट्याकडे निघाला.

"एकटीनं चढवला," कॉलरताई म्हणाली, "पण बटणं लागेनात. तेव्हा मागचं दार उघडलं आणि धुणेवाली आत आली. हात ओले होते, ते तिनं आधी राजाच्या पडद्याला पुसले."

पाय थांबला. सगळे तिकीट फाडणाऱ्याच्या "अंहं"ची वाट बघायला लागले. त्यानं चष्मा सारखा केला, कानामागची पेन्सिल काढली आणि आपल्या स्वच्छ, वेष्टण घातलेल्या पुस्तकाच्या समासात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत हो?" काजवालीनं मान वाकडी करून विचारलं.

"हात ओले. पडद्याला पुसले," तो म्हणाला. "म्हणजे उद्या कोरडे केले तर पकडता येईल. आणि ताई, एक सांगा. गाढव या वेळी कुठं बांधलंय?"

कॉलरताईनं चिठ्ठीसाठी कॉलरीचा कागदी नमुना उलटा केला.